टॉम टी. हॉल की जॉन प्राइन, आधी कोणाला ऐकायचं?

कंट्री म्हणजे अमेरिकन ग्रामीण वळणाचं संगीत, ते हॅट, ट्रक आणि बिअर एवढंच नाही हे कळलंय आणि आता गोष्टी सांगणारी गाणी ऐकायचीत, तर या दोन अमेरिकन गायक-गीतकारांची नावं समोर येणारच. दोघंही आता नाहीत, प्राइन एप्रिल २०२० मध्ये कोविडने गेला आणि हॉल २०२१ मध्ये. सुरुवातीचे अल्बमही दोघांचे एकाच वर्षाचे घेता येतात, १९७१. प्राइनचा पहिलावहिला, त्याच्याच नावाचा, आणि हॉलचा 'इन सर्च ऑफ अ साँग'.

सुटी ओळ कोणाची भारी म्हणाल तर प्राइनची, त्यात वाद नाही. हा शिकागोजवळचा पोस्टमन, टपाल वाटता वाटता गाणी रचायचा, आणि पंचविशीच्या आत त्याने 'हॅलो इन देअर'सारखं म्हातारपणाच्या एकटेपणावरचं गाणं लिहून ठेवलं, कसं सुचलं देव जाणे. हॉलकडे असा एका ओळीत आडवा करणारा फटका क्वचितच मिळतो. आवाजही साधा, जरा सपाटच. त्यात नॅशव्हिलच्या, म्हणजे कंट्रीच्या राजधानीच्या, त्या काळच्या पद्धतीप्रमाणे मागे कोरसची साखर पेरलेली असते, ती सगळ्यांना झेपेल असं नाही.

तरी माझं मन हॉलकडे का झुकलं, तर धृपदामुळे. प्राइनचं 'सॅम स्टोन' घ्या, व्हिएतनामहून परतलेला सैनिक, नशा, घरची पोरं, गोष्ट अंगावर यायला लागते आणि तेवढ्यात धृपद येतं. धृपद जबरदस्तच आहे हो, पण मी गोष्टीतून बाहेर पडून 'वा, काय लिहिलंय' म्हणायला लागतो, आणि दुसऱ्यांदा आलं की परत तेच. भावगीतात मुखडा परत आला की बरं वाटतं, इथे मला पुढे काय झालं तेवढंच हवं असतं. कदाचित हा माझाच स्वभावदोष असेल, पण एकदा हे खटकायला लागलं की प्रत्येक गाण्यात खटकतं.

हॉल बऱ्याच वेळा धृपदाच्या भानगडीतच पडत नाही. १९६८ मध्ये जेनी सी. रायलीने गाजवलेलं 'हार्पर व्हॅली पीटीए' त्याचंच, नुसती गोष्ट, सरळ शेवटापर्यंत. 'होमकमिंग'मध्ये गावोगाव फिरणारा गायक वडिलांना भेटायला घरी आलाय, आपल्याला फक्त त्याचंच बोलणं ऐकू येतं, वडील काय म्हणाले ते आपणच ताडायचं, आणि आई गेली तेव्हा हा घरी नव्हता हे असं बोलता बोलता निघतं की पहिल्यांदा ऐकताना कदाचित निसटेलसुद्धा.

खरी तुलना करायची तर अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या कोळशावर करा, कारण त्यावर दोघांचीही गाणी आहेत. प्राइनच्या आईवडिलांचं मूळ तिथलं, त्याचं 'पॅरडाइज' म्हणजे उघड्या खाणींनी गिळलेल्या गावाचं गाणं, चार लोक जमले की एकत्र म्हणावं असं, आणि ते शक्य होतं धृपदामुळेच, हे मान्य करायला हवं. हॉल तर केंटकीचाच, ऑलिव्ह हिलचा. डिसेंबर १९७० मध्ये हायडनजवळच्या खाणीत स्फोट होऊन ३८ कामगार मेले, त्यानंतर तो तिथे जाऊन आला आणि 'ट्रिप टू हायडन' लिहिलं. रस्ता, माणसं, खाण, जे दिसलं ते सांगतो. शेवटी तिथली एक बाई म्हणते की जिवंत होते त्यापेक्षा मेल्यावर यांची किंमत जास्त झाली, आणि हॉल म्हणतो हिने सांगितलंच की नीट, मी इथेच थांबतो. मी ते ऐकलं तेव्हा लगेच दुसरं गाणं लावावंसं वाटलं नाही. 'पॅरडाइज' संपल्यावर मी गुणगुणत चहा टाकतो.

आता तुम्हाला स्वतः गिटार घेऊन म्हणायची असतील, किंवा हसता हसता रडवणारं काही हवं असेल, तर बिनधास्त प्राइन घ्या, माझं ऐकू नका. पण कानाला हेडफोन लावून एकट्याने ऐकणार असाल तर आधी 'इन सर्च ऑफ अ साँग' पूर्ण, क्रम न बदलता. 'इट शुअर कॅन गेट कोल्ड इन डे मॉइन'मध्ये हॉटेलात एक बाई रडत बसलेली दिसते, का रडतेय ते त्यालाही कळत नाही आणि आपल्यालाही नाही, तेवढंच गाणं. ते आवडलं नाही तर हॉल तुमचा नाही. आणि त्याचं 'आय लव्ह' ऐकून मत बनवू नका, पिल्लं, कांदे, गवत, आवडत्या गोष्टींची नुसती यादी आहे ती, गाजलं मात्र तेच.