सड्यावरचे दहा महिने : पुरातत्त्वाच्या एम.ए.चा अनुभव

मागच्या जूनमध्ये पुरातत्त्वाच्या एम.ए.ला प्रवेश घेतला तेव्हा घरी एकच प्रश्न होता, "नोकरी कुठे लागणार?" आता एप्रिल सरत आलाय आणि ओळखीतली दोन-तीन मुलं प्रवेश घ्यावा का म्हणून विचारतायत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते. माझा विषय प्रागैतिहासिक भूदृश्य, म्हणजे लिखाण सुरू होण्याआधीची माणसं ज्या जमिनीवर वावरली तिचा अभ्यास, आणि क्षेत्र रत्नागिरी जिल्ह्यातला आमचाच राजापूर तालुका.

नुसती कातळशिल्पं, म्हणजे उघड्या कातळावर कोरलेली जुनी चित्रं, बघत फिरायला मिळेल म्हणून येणार असाल तर येऊ नका. कशेळीचा हत्ती, साधारण १८ मीटर बाय १३ मीटर, आणि त्याच्या पोटात कोरलेले कितीतरी प्राणी. बारसूच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, दोन वाघांच्या मधोमध उभा माणूस. २०२२ मध्ये ही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली. पण वर्गात चित्रापेक्षा त्याच्या आजूबाजूची जमीनच जास्त शिकवतात. पाणी कुठे होतं? हत्याराचा दगड कुठून आणला? समुद्र किती लांब होता?

समुद्राच्या प्रश्नाने मी हादरलेच. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. किनारा पश्चिमेला खूप दूर होता. आजच्या जागेजवळ पाणी चढलं ते साधारण सहा-सात हजार वर्षांपूर्वी. म्हणजे इथली माणसं ज्या जमिनीवर हिंडली त्यातली बरीचशी पाण्याखाली आहे. कशेळीच्या देवघळी किनाऱ्यावर उभं राहून समोर बघताना मला तेव्हापासून नुसतं पाणी दिसत नाही.

दुसरी गोष्ट जांभ्याची. आमच्या घराच्या भिंती त्याच चिऱ्याच्या, तरी जांभ्याचं हत्यार होत नाही हे मला इथे येऊन कळलं. सड्याच्या कडेला पहिल्यांदा सूक्ष्मास्त्र (अगदी छोटं दगडी हत्यार) सापडलं ते जेमतेम नखाएवढं होतं. चर्ट या कठीण दगडाचं दुधट पातं, एक कड अजून बोटाला लागेल इतकी धारदार, दुसरी मुद्दाम बारीक ठोकून बोथट केलेली, म्हणजे लाकडात बसवायला. तो दगड त्या सड्याचा नव्हे. कोणीतरी तो कुठून तरी जवळ बाळगत आणला होता. मी उत्साहात ते उचलून खिशात टाकलं आणि जागेची नोंद घ्यायची विसरले. सरांनी दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा जागा दाखवता आली नाही. ते पातं आता नुसता सुंदर दगड आहे, पुरावा नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आमच्या प्राध्यापकांना पाणवठे शोधायचे होते, आणि त्यांची खरी माहिती आजोबांकडून मिळाली. ते वीस वर्षं सड्यावर गुरं नेत होते. "सड्यावर नको शोधू गो, वर पाणी राहत नाही. खाली उतारावर बघ, तिथं मे महिन्यातपण पाझर असतो." जांभा सच्छिद्र. पावसाचं पाणी आत मुरतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर पडतं. भूशास्त्राच्या तासाला हे वाचलं होतं, आजोबांनी ते चालून दाखवलं.

तक्रारीही आहेत. क्षेत्रकार्याचा निधी मार्चमध्ये हातात आला, त्यामुळे सर्वेक्षण भर उन्हात झालं. तापलेल्या कातळावर दहानंतर उभं राहवत नाही. शिवाय शिल्पांची उथळ खोदरेघ नीट दिसते ती सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, त्यामुळे कामाचे तास फार थोडे उरतात. नकाशाचं सॉफ्टवेअर मोजक्याच संगणकांवर चालतं. वाचन जवळजवळ सगळं इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिलं सत्र जड जातं, पण टिकून राहिलात तर पुढे हात बसतो.

शिल्पांच्या वयाचं सांगायचं तर उघड्या कातळावरच्या चित्राचं वय थेट काढता येत नाही, आणि जांभ्याच्या आम्ल मातीत हाडंही टिकत नाहीत. त्यासाठीच आजूबाजूची हत्यारं, गाळ, गुहा मोलाच्या. आणि हेच आधी जातं. आमच्या सर्वेक्षणाच्या हद्दीलगत चिरेखाण सुरू आहे. चित्राला कुंपण घातलं तरी त्याच्या शेजारची जमीन चिरा चिरा करून ट्रकमध्ये भरली जाते.

ज्याला चालायची, नोंदी करायची आणि गावातल्या माणसांचं ऐकून घ्यायची तयारी आहे, त्याने नक्की यावं. पाऊस लागायच्या आत आजोबांसोबत उरलेले दोन झरे नकाशावर घ्यायचेत. ते काठी घेऊन तयार आहेत, मीच परीक्षेत अडकलेय.