उतारानंतर आंबलेले पाय: फोम रोलर, मसाज गन आणि बर्फाचे पाणी यांचा काही महिन्यांचा अनुभव

सिंहगडाच्या आठवडी फेऱ्या आणि साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनसाठी यवतेश्वर घाटात केलेला सराव या दोन्हींत माझ्या पायांना चढाने कधी फारसे छळले नाही. छळले ते उताराने. सिंहगडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीकडे उतरून आल्यावर त्या दिवशी काहीच जाणवत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या भरून येतात आणि तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो. या दुखण्यावर गेले काही महिने मी फोम रोलर (अंगाखाली घेऊन सरकण्याचा फोमचा लांबट दंडगोल), मसाज गन (स्नायूंवर भराभर ठोके देणारे हातात धरायचे यंत्र), हाताची मालीश, थंड पाण्यात बसणे आणि गरम शेक हे सर्व उपाय आलटून पालटून वापरले. यांपैकी एकाही उपायाने दुखणे टळले नाही. त्याची धार किती कमी झाली, तो आराम किती वेळ टिकला आणि त्यासाठी किती खटाटोप करावा लागला, एवढ्याच कसोटीवर मी त्यांच्याकडे पाहतो.

आधी कारणाविषयी थोडे, कारण त्याविषयीच्या गैरसमजावर पुष्कळ वस्तू विकल्या जातात. व्यायामशाळेत अजूनही सर्रास सांगतात की लॅक्टिक आम्ल साचल्याने अंग आंबते. प्रत्यक्षात हे आम्ल व्यायाम थांबल्यावर तासाभरात पूर्वपदावर येते, तर हे दुखणे साधारण २४ ते ७२ तासांच्या दरम्यान शिगेला पोहोचते. थिओडोर हफ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच असे दुखणे स्नायूच्या आतल्या सूक्ष्म फाटण्याशी जोडले होते. १९८३ मध्ये झालेल्या एका प्रयोगात सपाटीवर धावताना रक्तातील लॅक्टिक आम्ल वाढले पण पाय दुखले नाहीत, आणि उतारावर धावताना ते वाढले नाही तरी पाय दुखले. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू आवळलेला असतानाच लांबत जातो, म्हणजे तो ब्रेकचे काम करतो, आणि तिथेच त्याची झीज होते. त्यामुळे ‘आम्ल बाहेर काढतो’ असे ज्या उपकरणाच्या खोक्यावर लिहिलेले असते, त्याच्या बाकीच्या दाव्यांकडेही मी संशयानेच पाहतो.

सर्वांत जास्त वापर झाला तो फोम रोलरचा. मी ४५ सेंटीमीटर लांबीचा, मध्यम कडक आणि जवळजवळ गुळगुळीत पृष्ठभागाचा रोलर घेतला. उंच खाचा असलेला कडक रोलर मित्राकडे वापरून पाहिला होता, परंतु आधीच दुखऱ्या मांडीवर तो सोसवत नाही आणि न सोसणाऱ्या दाबाखाली स्नायू सैल होण्याऐवजी अधिकच ताठरतो. पालथे पडून मांडीखाली रोलर घ्यावा, हातांच्या कोपरांवर भार तोलावा आणि गुडघ्याच्या थोडे वरपासून कमरेच्या सांध्याच्या खालपर्यंत सावकाश सरकावे. प्रत्येक पायाला दोन-तीन मिनिटे पुरतात. त्यानंतर बसणे-उठणे सोपे होते आणि गुडघा अधिक वाकतो, हे मला दरवेळी जाणवले, मात्र हा फरक अर्ध्या-पाऊण तासाच्या पलीकडे क्वचितच टिकला. म्हणून मी रोलरचा वेळ ठरवून टाकला: दुसऱ्या दिवशी सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी, आणि त्याला जोडूनच पंधरा-वीस मिनिटे सपाटीवर चालणे. नुसत्या रोलरपेक्षा या जोडीचा उपयोग स्पष्टपणे अधिक झाला. मांडीच्या बाहेरच्या अंगाला कमरेपासून गुडघ्यापर्यंत जो चिवट पट्टा असतो, त्यावर रोलर दाबून तो ‘लांब’ होतो असे सांगितले जाते. तो पट्टा इतका राठ असतो की अशा दाबाने त्याची लांबी बदलत नाही, आणि तिथे सोसलेली कळ मला तरी व्यर्थ वाटली.

मसाज गन अर्थातच अधिक आकर्षक आहे. घेताना मिनिटाला किती ठोके पडतात हा मोठा आकडा दाखवला जातो, परंतु महत्त्वाचे असते ते तिचे डोके किती मिलिमीटर आत-बाहेर होते आणि दाबल्यावर मोटर अडखळते की नाही. माझी गन स्वस्तातली असल्याने मांडीवर जरा जोर दिला की ती थांबते. पोटऱ्यांना मात्र ती पुरते. तिचा खरा फायदा सोयीचा आहे, कारण खुर्चीत बसल्या बसल्या काम होते आणि जमिनीवर पडून कसरत करावी लागत नाही. आरामाच्या बाबतीत ती रोलरच्या पुढे गेली असे मला म्हणवत नाही. मानेच्या पुढच्या बाजूला, हाडांवर किंवा गुडघ्यामागच्या खळग्यात ती अजिबात लावू नये. एकाच पायाची पोटरी सुजलेली आणि गरम लागत असेल, तर ती रक्ताच्या गुठळीची खूण असू शकते. अति व्यायामानंतर लघवी गडद तपकिरी झाली, तर स्नायूंची गंभीर मोडतोड झालेली असू शकते. अशा वेळी कोणतेही उपकरण न लावता तातडीने डॉक्टरांकडे जावे.

दुसऱ्याच्या हातच्या मालिशीची सर या दोन्हींना नाही. कोल्हापूरच्या तालमीत पैलवान जोर-बैठकांनंतर एकमेकांचे अंग रगडतात, त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे, आणि फ्रेंच संशोधकांनी २०१८ मध्ये ९९ प्रयोगांची छाननी करून काढलेल्या निष्कर्षातही स्नायूंचे दुखणे व थकवा यांवर मालीशच सर्वांत परिणामकारक ठरली. मला फिजिओथेरपिस्टकडच्या मालिशीनंतर त्या रात्री शांत झोप लागली आणि दुसऱ्या दिवशीचे दुखणेही सौम्य राहिले. अडचण आहे ती खर्चाची आणि वेळेची. दर आठवड्याला हे परवडत नाही. कोमट तिळाचे तेल लावून स्वतःच पोटऱ्या चोळण्यात निम्मा तरी लाभ मिळतो.

थंड पाण्याबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण समाजमाध्यमांवर ते जितके सोपे दिसते तितके ते पुण्यातल्या सदनिकेत नाही. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात (वैद्यकीय प्रयोगांची एकत्र छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या अहवालात) १७ लहान प्रयोगांतील ३६६ जणांची माहिती तपासली होती आणि नुसत्या विश्रांतीपेक्षा थंड पाण्यात बसल्याने दुखणे कमी होते असे त्यात आढळले. बहुतेक प्रयोगांत पाणी १० ते १५ अंश सेल्सिअसचे होते, आणि आपल्या नळाला उन्हाळ्यात असे पाणी येत नाही. शंभर लिटर पाणी २६ अंशांवरून १५ अंशांवर आणायचे, तर गणिताने साडेअकरा किलोच्या आसपास बर्फ वितळावा लागतो. घरच्या फ्रिजमधल्या ट्रेचा इथे निभाव लागत नाही; लादीच आणावी लागते, ती फोडावी लागते, आणि कमरेपर्यंत बसता येईल असे पिंप न्हाणीघरात मावले पाहिजे. तापमापक ठेवून दहा मिनिटे बसल्यावर बाहेर येताना पाय खरोखर हलके वाटतात आणि दुसऱ्या दिवशीही फरक राहतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बारा आठवड्यांच्या एका अभ्यासात, वजनांच्या व्यायामानंतर दरवेळी थंड पाण्यात बसणाऱ्यांच्या स्नायूंची वाढ आणि ताकद इतरांपेक्षा कमी भरली. म्हणून ताकदीच्या व्यायामाच्या दिवशी मी ते पूर्णपणे वर्ज्य केले आणि लागोपाठ दोन दिवस मोठी पायपीट असेल तेव्हाच लादी आणली. हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज या वाटेला जाऊ नये.

बाकीचे उपाय थोडक्यात सांगता येतील. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक दुसऱ्या दिवसापासून सुखद वाटतो. एप्सम सॉल्टच्या (मॅग्नेशियम सल्फेट या क्षाराच्या) पाण्यात मला साध्या गरम पाण्याहून वेगळे काही जाणवले नाही. स्ट्रेचिंगविषयी २०११ च्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्ष असा की शंभराच्या मोजपट्टीवर त्याने दुखणे जेमतेम एखाद्या गुणाने घटते. माझा अनुभव याहून निराळा नाही. पोटऱ्यांचे घट्ट मोजे प्रवासात बरे वाटले.

एवढे सगळे वापरताना सर्वांत मोठा बदल घडला तो मात्र यांपैकी कशामुळेही नव्हे. एकदा उताराची सवय झालेला स्नायू पुढच्या वेळी तेवढ्याच उताराने फार कमी दुखतो आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते, ही गोष्ट शास्त्राला चांगली ठाऊक आहे. माझ्या बाबतीतही नियमित उतरणे सुरू राहिले तसा तिसऱ्या दिवशीचा जिना सोपा होत गेला, आणि मध्ये महिनाभर खंड पडला तेव्हा जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात झाली. त्यामुळे यवतेश्वरच्या तयारीत मी आता आठवड्यातून एक छोटा उतार चुकवत नाही, शर्यतीपूर्वीचा शेवटचा जोराचा उतार दोन आठवडे आधी उरकतो, आणि मसाज गन भावाकडे दिलेली आहे.