धडकेनंतर स्विफ्टचं तोंड बदललं: खानापूर–बेळगाव रस्त्यावरचे दहा महिने

गाडी २०१३ ची स्विफ्ट व्हीडीआय, रंग सिल्की सिल्व्हर, पासिंग केए २२. मी खानापूरला राहतो आणि रोज बेळगावच्या उद्यमबागेत कामाला येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोल्हापूरहून परत येताना, तवंदी घाट चढून संकेश्वरच्या अलीकडे, रात्री साडेनऊला उसाची ट्रॉली अंगावर आल्यासारखी समोर दिसली. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. गळीत हंगामात या पट्ट्यात ज्यानं रात्री गाडी चालवली आहे त्याला हे सांगायला नको. ब्रेक दाबला, वेग चाळीसच्या आसपास उतरला, पण डावी बाजू जाऊन ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्याला बसली. बायको शेजारी होती. दोघांनी पट्टे लावले होते म्हणून खरचटण्यावर निभावलं. या गाडीला एअरबॅग नाहीत, त्यामुळं त्या पट्ट्याचं मोल मला अजून रोज जाणवतं.

ट्रॉलीचा हौदा बंपरच्या वर असतो. म्हणून बंपरमागची लोखंडी पट्टी मार खात नाही, मार वरच्या भागाला बसतो. माझं बॉनेट मधोमध दुमडलं, डावा हेडलाइट चक्काचूर झाला, डावा फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) आत गेला, ग्रिल आणि बंपर फाटले, रेडिएटरचा वरचा सपोर्ट वाकला आणि एसीचा कंडेन्सर फुटला. बॉनेट दुमडलं ते बरंच झालं, कारण आतल्या सांगाड्याला दुमडण्याच्या जागा मुद्दाम ठेवलेल्या असतात. तसं नसतं तर ते सरळ काचेवर आलं असतं.

आता मुद्द्याचं. आपल्याकडं धडकेनंतर बॉडीचे भाग तीन प्रकारचे मिळतात: कंपनीचे नवे, बाजारातले नवे डुप्लिकेट आणि भंगारात निघालेल्या गाडीचे जुने ओरिजिनल. माझ्या गाडीवर आज तिन्ही प्रकार आहेत. एका पावसाळ्यात तिघांची परीक्षा झाली, म्हणून हे लिहितोय.

आधी इन्शुरन्सचं, कारण इथंच माझा हिशेब चुकला. दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. प्लास्टिक, रबर, नायलॉनवर गाडी नवी असली तरी ५० टक्के. रंगाच्या सामानावरही ५० टक्के. काचेवर काही कापत नाहीत. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये सक्तीनं आपल्या खिशातून. एवढ्या जुन्या गाडीला झीरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) मला मिळालं नव्हतं. कंपनीच्या वर्कशॉपनं ७८ हजारांचा अंदाज दिला. त्यातले ३६-३७ हजार माझ्या खिशातून जाणार होते आणि ५० टक्के एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) जाणार होता. बेळगावच्या ऑटोनगरमधले ओळखीचे डेंटर (गाडीच्या पत्र्याचं काम करणारे) सगळं मिळून ४१-४२ हजारांत करून देतो म्हणाले. फरक थोडा, एनसीबी वाचतोय आणि गाडी लवकर मिळतेय, म्हणून क्लेम केला नाही.

पहिले चार दिवस पार्ट शोधण्यात गेले. काउंटरवर "दोन हजार तेराची स्विफ्ट" एवढं सांगून भागत नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये या मॉडेलचं तोंड बदललं, पुढचा बंपर आणि ग्रिल वेगळे आले. मला एका दुकानातून नंतरचा बंपर दिला गेला. डब्यावर स्विफ्ट लिहिलेलं, कडा जुळल्या, पण मधल्या ग्रिलची खोबण काही केल्या जुळेना. परत नेला. मग मी आरसीवरून १७ अक्षरांचा चॅसिस नंबर (मारुतीचा एमए३ नं सुरू होतो) वहीत उतरवला आणि प्रत्येक ठिकाणी आधी तो दाखवला. त्यावरून पार्ट नंबर काढून देतात. पाच अक्षरं, मध्ये एम किंवा आडवी रेघ, पुन्हा पाच अक्षरं, आणि रंगाचा किंवा फिनिशचा भाग असेल तर शेवटी आणखी तीन. हा नंबर एकदा हातात आला की बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, पुणे, कुठंही फोनवर नीट बोलता येतं. डिझायरचं तोंड स्विफ्टसारखंच दिसतं म्हणून "एकच आहे, घ्या" असं सांगणारे भेटतात. नंबर जुळल्याशिवाय मानू नका.

आणखी एक: फुटलेले तुकडे टाकू नका. मी फुटका हेडलाइट आणि बंपरचा ब्रॅकेट पोत्यात घालून डिकीत ठेवला होता. हेडलाइटच्या मागच्या बाजूला ठसा असतो, ब्रॅकेटची भोकं मोजता येतात. भाषेची अडचणही तिथं येत नाही. काउंटरवरचा पोरगा कानडीत बोलत होता, मी मराठीत, मध्ये तो तुटका ब्रॅकेट. काम झालं. फेंडरबद्दल मात्र तो म्हणाला, "स्टॉक इल्ला री, हुब्बळ्ळीयिंद बरबेकु." माल नाही, हुबळीहून यायला हवा, म्हणजे आठ दिवस. ते आठ दिवस मी थांबलो नाही, त्याबद्दल पुढं.

बंपर आणि ग्रिल कंपनीचे नवे घेतले. तेव्हा या भागांवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झालाय, त्यामुळं जुन्या बिलाशी तुलना करताना ते धरा. डब्यावर होलोग्राम, पार्ट नंबर आणि एमआरपी असते. नवा बंपर रंगाशिवाय काळा येतो, रंग आपल्याला मारून घ्यायचा. बसवायला वीस मिनिटं, कुठं घासाघाशी नाही, दहा महिन्यांत एक खिट्टी हललेली नाही. तक्रार आहे ती रंगाची. प्लास्टिकवर रंग धरण्यासाठी वेगळा प्लास्टिक प्रायमर लागतो. माझ्या बंपरवर तो मारलाच नव्हता, हे जूनमध्ये कोपऱ्यावरचा पापुद्रा निघाला तेव्हा कळलं. पुन्हा रंगवायला दोन हजार गेले. बंपर रंगवायला देताना प्रायमरचा डबा डोळ्यांनी बघा.

बॉनेट मात्र जुनं ओरिजिनल. कंपनीचं नवं परवडत होतं, पण डेंटरमामा म्हणाले, "कोल्हापुरात एक बघितलंय मी, मागून ठोकलेल्या गाडीचं. तोंडाला काय झालेलं न्हाई. जाऊन बघा की." शनिवारी गेलो. जुना पत्रा बघायची रीत त्यांनीच सांगितली होती. खिशात लहान चुंबक न्यायचं आणि सगळ्या पत्र्यावर फिरवायचं. जिथं पकड ढिली पडते तिथं आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग आतल्या कडांवर बोट फिरवायचं, कारण कडेला घडी मारलेल्या जागी गंज लपतो. बिजागरीचे बोल्ट हललेत का, त्यांच्या डोक्यावरचा रंग खरवडलाय का ते बघायचं. कुलपाचा हूक सरळ हवा. माझ्या बॉनेटला सगळीकडं चुंबक सारखं चिकटलं. रंग पांढरा होता, पण बदलायचाच होता. किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी.

आज दहा महिन्यांनी ते बॉनेट गाडीवरचा सगळ्यात चांगला बसलेला भाग आहे. दोन्ही फेंडरशी सारखी फट, बंद करताना एकच आवाज, हायवेला फडफड नाही. कारखान्यात ज्या साच्यातून निघालं त्याच साच्यातून माझं जुनं बॉनेट निघालं होतं, एवढंच त्याचं कारण.

आता फेंडर. आठ दिवस थांबायचं नव्हतं, म्हणून मी बाजारातला नवा डुप्लिकेट उचलला. ९०० रुपये वाचले. मामांनी तो हातात घेतला, अंगठ्यानं मधोमध दाबला, पत्रा टक्कन आत जाऊन बाहेर आला. "पातळ आहे सर. पायजे तर बसवतो, पण पावसाळ्यात बोलू नका मला." मी बसवा म्हणालो. तो निर्णय माझा.

पहिला त्रास बसवतानाच. वरची तीन भोकं जुळली, दाराजवळचं खालचं भोक पाच-सहा मिलिमीटर पुढं. ओढून, वॉशर घालून बसवला. त्यामुळं दाराशी फट वर अरुंद, खाली रुंद. लांबून दिसत नाही, पण दार उघडताना रोज दिसते. दुसरा त्रास जुलैत सुरू झाला. खानापूरचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल, चाकाखालून तांबडा चिखल दोन-दोन महिने आत मारला जातो. कंपनीच्या पत्र्याला आतून-बाहेरून काळा ईडी कोट असतो, सगळा पत्रा रसायनात बुडवून विजेनं चढवलेला आणि भट्टीत भाजलेला. डुप्लिकेटला बहुतेक वेळा नुसता काळा रंग फवारलेला असतो, तोही दिसतो तेवढ्याच बाजूला. तपासायची सोपी रीत मला उशिरा कळली: कापडाला थिनर लावून आतल्या बाजूला एका कोपऱ्यात घासायचं. कापड काळं झालं तर तो रंग, ईडी कोट नव्हे. दसऱ्याला गाडी धुताना चाकाच्या कमानीची कड बोटाला खरखरीत लागली. लायनर (कमानीच्या आतलं प्लास्टिकचं आवरण) काढला तर आतली सगळी घडी तांबूस झालेली. त्याच चिखलात, तेवढ्याच पावसात चाललेला उजवा फेंडर २०१३ पासूनचा आहे, त्याच्या घडीत गंजाचा ठिपका नाही.

लायनरच्या क्लिपांचंही सांगतो. पाच-दहा रुपयांच्या असतात आणि उघडताना निम्म्या तुटतात. दोन क्लिपा कमी लावल्या की लायनर सुटून टायरला घासतो आणि चिखल थेट पत्र्यावर जातो. वीस-पंचवीस जास्तीच्या घेऊन ठेवा.

हेडलाइटही मी पहिला डुप्लिकेटच घेतला होता. काचेसारखा चकचकीत, शेजारचा उजवा जुना पिवळसर, त्यामुळं तर हाच छान वाटला. आत एच४ चा तोच बल्ब. पण रात्री भिंतीसमोर गाडी लावली तेव्हा फरक दिसला. उजव्या दिव्याची लोअर बीमची वरची रेघ स्पष्ट आणि धारदार, डाव्याची पसरट, थोडा उजेड वर जाणारा. स्क्रू फिरवून रेघ खाली आणली की रस्त्यावरचा उजेडच कमी. पहिल्या मोठ्या पावसात आत वाफ धरली, जूनअखेर खाली बोटभर पाणी. ज्या अपघाताला अंधारातली ट्रॉली कारण झाली, त्यानंतर मी डाव्या बाजूला असा दिवा लावून चार महिने फिरलो, हे मला स्वतःला पटत नाही. जुलैत कंपनीचा घेतला, ३४०० ला. बसवून लगेच भिंतीवर खुणा करून दोन्ही दिव्यांची उंची सारखी केली. आत थेंब नाही. दिव्यात पैसे वाचवू नयेत असं माझं ठाम मत झालंय.

कंडेन्सर कंपनीचा नवा, गॅस भरून एसी सुरू. रेडिएटर सपोर्टही नवाच घातला. तो कापून जोडण्याआधी मामांनी दोन्ही बाजूंच्या सस्पेन्शनच्या डोक्यापासून समोरच्या कोपऱ्यांपर्यंत तिरक्या मापांची सुतळी लावली. दोन्ही तिरकी मापं सारखी आली तेव्हाच वेल्डिंगला हात घातला. ही मापं सारखी नसतील तर पुढं कितीही चांगले पार्ट आणा, बॉनेटची फट कधीच जुळणार नाही. तुमच्या डेंटरनं माप घेतलं नाही तर घ्यायला लावा, आणि शक्य असेल तर तेव्हा हजर राहा. रंगाआधी सगळे पार्ट एकदा कोरडे बसवून बघायलाही सांगा, रंगवलेला पार्ट दुकानदार परत घेत नाही.

रंग जुळवण्याबद्दल थोडं. सिल्व्हर हा फसवा रंग आहे. दाराजवळच्या पट्टीवर कोड असतो, माझा झेड२एस. कोडनं काढलेला रंगही १२ वर्षं उन्हात राहिलेल्या दाराशी तंतोतंत जुळत नाही. त्यातल्या धातूच्या कणांची बसण्याची दिशा फवाऱ्याच्या दाबानंही बदलते. पेंटरनं डाव्या पुढच्या दारावर अर्ध्यापर्यंत रंग विरत नेला आणि मग पूर्ण दारावर क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मारला. दाराचे वेगळे पैसे पडले, पण आज उन्हात उभं राहून बघितलं तरी जोड सापडत नाही. त्या कामावर मी पूर्ण समाधानी आहे.

एकूण खर्च: सुरुवातीचे ४१,५००, नंतरचा हेडलाइट ३४००, बंपरचा दुसरा रंग २०००, आणि आता फेंडर पुन्हा बदलायचाय, तो रंगासह साडेचार हजार धरलाय. म्हणजे ५१ हजारांच्या वर. क्लेम केला असता तर एनसीबी गेल्याचे धरूनही कमी लागले असते, कारण इतक्या जुन्या गाडीचा ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) हप्ताच लहान असतो आणि त्याच्यावरची सवलतही लहान. "एनसीबी जाईल" म्हणून घाबरण्याआधी पॉलिसी उघडून ती सवलत रुपयांत किती होते ते बघा. मी टक्केवारी बघितली, रुपये बघितले नाहीत.

फेंडर कोल्हापुरातच मिळालाय, सिल्व्हर, जुना ओरिजिनल. गेल्या रविवारी बघून आलो. चुंबक सगळीकडं घट्ट, कमानीची घडी कोरडी, दाराजवळ एक ओरखडा आहे तो रंगात जाईल. मामांनी बुधवारची वेळ दिली आहे. बसवण्याआधी आतून अंडरकोट मारून घेणार आहे आणि खालचं भोक न ओढता जुळतंय का ते उभं राहून बघणार आहे.