पार्डनसाठी एजन्सीला दिलेले १४०० डॉलर आणि नंतर स्वतः केलेला अर्ज

कॅनडात गुन्ह्याची नोंद बाजूला काढून घेण्याच्या प्रक्रियेला कायद्यात २०१२ पासून ‘रेकॉर्ड सस्पेन्शन’ म्हणतात, पण बोलताना सगळे अजूनही ‘पार्डन’, म्हणजे माफीच म्हणतात. हा अर्ज मी दोनदा केला. पहिल्या वेळी कॅलगरीतील एका खासगी एजन्सीला १४०० डॉलर दिले आणि अर्ज परत आला. दुसऱ्या वेळी सगळी कागदपत्रे स्वतः जमवली आणि तो मंजूर झाला. एजन्सीचे नाव मी लिहिणार नाही, कारण अशा सेवा कॅनडाच्या प्रत्येक मोठ्या शहरात आहेत आणि मला सांगायचे आहे ते त्या एका दुकानापुरते नाही. आपल्या लोकांपैकी कुणी याच विवंचनेत असेल, तर त्याने पैसे देण्याआधी हे वाचावे एवढ्यासाठी लिहीत आहे.

२०१५ च्या उन्हाळ्यात मी दारू पिऊन गाडी चालवताना पकडलो गेलो. कुणाला इजा झाली नाही, पण ते त्या रात्रीचे नशीब होते, त्यात माझा काही गुण नव्हता. नोव्हेंबरमध्ये मी न्यायालयात गुन्हा कबूल केला. पहिल्या गुन्ह्यासाठी ठरलेला किमान १००० डॉलर दंड, त्यावर ३० टक्के दराने ३०० डॉलरचा पीडित अधिभार, म्हणजे ‘व्हिक्टिम सरचार्ज’, आणि वर्षभर गाडी चालवण्यास मनाई अशी शिक्षा झाली. दंड भरला की प्रकरण मिटले असे मी धरून चाललो होतो. पुढे रविवारच्या मराठी शाळेत मुलांना शिकवायला स्वयंसेवक हवे आहेत असे कळले, मी नाव दिले, आणि पोलिसांकडून चारित्र्यपडताळणी आणण्याचा फॉर्म हातात आला. तेव्हा समजले की इथे दोषसिद्धीची नोंद ठरावीक वर्षांनी आपोआप पुसली जात नाही. शाळेच्या ताईंना मी ‘सध्या वेळ जमत नाही’ असे सांगितले. ते खोटे होते आणि ते सांगताना मला जितकी लाज वाटली तितकी न्यायालयातही वाटली नव्हती.

एजन्सीकडे मी याच लाजेपोटी गेलो. घरात फक्त पत्नीला माहीत होते. गावी आईवडिलांना कळू नये आणि इथल्या मंडळाच्या लोकांत चर्चा होऊ नये, एवढेच डोक्यात होते. एजन्सीच्या बाईंनी पहिल्याच भेटीत ‘सगळे गुप्त राहील, तुम्हाला कुठेही जावे लागणार नाही’ असे आश्वासन दिले आणि २०० डॉलरचे सात हप्ते ठरवून दिले. सरकारी शुल्क त्याहून वेगळे होते आणि ते त्या काळी साडेसहाशे डॉलरच्या आसपास होते. नीट पाहिले तर ‘कुठेही जावे लागणार नाही’ हे शब्दशः खरे नव्हते, कारण बोटांचे ठसे द्यायला मलाच जावे लागले आणि स्थानिक पोलिसांच्या फॉर्मसाठी ओळखपत्र घेऊन मलाच उभे राहावे लागले. त्यांनी केले ते असे की फॉर्म छापून दिले, पाकिटे पाठवली आणि फोन घेतले. कर्मचारी सौजन्याने वागत, फोनला उत्तर देत, ही गोष्ट मी मान्य करतो. परंतु ज्या एका बाबीसाठी जाणकार माणसाला पैसे द्यावेत, तीच त्यांनी तपासली नाही.

ती बाब म्हणजे प्रतीक्षाकाळ कोणत्या दिवसापासून मोजायचा. माझ्यासारख्या ‘समरी’ पद्धतीने चाललेल्या, म्हणजे तुलनेने सौम्य गुन्ह्यासाठी आज ५ वर्षे आणि ‘इन्डाइटेबल’, म्हणजे गंभीर गुन्ह्यासाठी १० वर्षे थांबावे लागते; पण ही वर्षे निकालाच्या तारखेपासून सुरू होत नाहीत. शिक्षा पूर्ण झाल्याच्या दिवसापासून ती सुरू होतात, आणि दंड, अधिभार, नुकसानभरपाई, प्रोबेशन (न्यायालयाने ठरवलेला देखरेखीचा काळ) यांतले काहीही बाकी असेल तर शिक्षा पूर्ण झालेली नसते. मी १००० डॉलरचा दंड फेब्रुवारी २०१६ मध्ये भरला होता, पण अधिभाराचे ३०० डॉलर त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये भरले. एजन्सीने नोव्हेंबर २०१५ पासून पाच वर्षे मोजली आणि २०२१ च्या सुरुवातीला अर्ज धाडला. न्यायालयाने भरून दिलेल्या माहितीच्या फॉर्ममध्ये शेवटची रक्कम भरल्याची तारीख स्पष्ट लिहिलेली होती आणि तो कागद त्यांच्याच फाइलमध्ये होता. या अर्जांवर निर्णय देणाऱ्या केंद्रीय पॅरोल बोर्डाने अर्ज अपात्र म्हणून परत पाठवला. मी विचारले तेव्हा ‘बोर्डाचे नियम बदलत असतात’ असे उत्तर मिळाले आणि पुढच्या प्रयत्नासाठी पुन्हा वेगळी रक्कम सांगण्यात आली.

नियम बदलत असतात हे खरे आहे, पण इथे त्याचा संबंध नव्हता. १९७० च्या क्रिमिनल रेकॉर्ड्स ॲक्टखाली पूर्वी ३ आणि ५ वर्षे थांबावे लागे. लैंगिक अत्याचारांसाठी दोषी ठरलेला हॉकी प्रशिक्षक ग्रॅहम जेम्स याला २००७ मध्ये पार्डन मिळाल्याचे २०१० मध्ये उघड झाले, लोकक्षोभ उसळला आणि त्यानंतर दोन टप्प्यांत कायदा कडक झाला. १३ मार्च २०१२ पासून नावही बदलले, मुदतीही वाढल्या. याच काळात पूर्वी ५० डॉलर असलेले शुल्क आधी १५० आणि मग ६३१ डॉलरवर गेले. ज्यांचे गुन्हे या बदलांच्या आधीचे होते त्यांनाही नवे नियम लावणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय न्यायालयांनी दिला. २०२० मध्ये फेडरल कोर्टाचा तसा निकाल आला. त्यामुळे आज गुन्ह्याच्या तारखेला जो नियम होता तो लागू होतो. कुणाचा गुन्हा २०१० च्या आधीचा असेल, तर त्याने ही तारीख फार काळजीपूर्वक पाहावी, कारण त्याची मुदत कदाचित केव्हाच संपलेली असेल. माझा गुन्हा २०१५ चा असल्याने माझ्यासाठी ५ वर्षेच होती.

१ जानेवारी २०२२ पासून शुल्क पुन्हा ५० डॉलरवर आणले गेले. त्याच वसंतात मी स्वतः अर्ज करायचे ठरवले. पॅरोल बोर्डाची मार्गदर्शिका आणि सगळे फॉर्म विनामूल्य मिळतात आणि त्यांची इंग्रजी भाषा आयकर विवरणपत्रापेक्षा सोपी आहे. आधी ठसे देऊन ओटावाहून आरसीएमपीकडून, म्हणजे कॅनडाच्या केंद्रीय पोलीस दलाकडून, गुन्हेनोंदीची प्रमाणित प्रत मागवायची. तिचे शुल्क २५ डॉलर आणि ठसे घेणाऱ्याचे वेगळे. मग ज्या न्यायालयात निकाल लागला तिथून माहितीचा फॉर्म भरून आणायचा. त्यानंतर गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे राहिलो तिथल्या पोलिसांकडून स्थानिक पडताळणीचा फॉर्म घ्यायचा. हा फॉर्म सहा महिनेच चालतो, म्हणून तो सर्वांत शेवटी घ्यावा. एजन्सीने तो सर्वांत आधी घ्यायला लावला होता आणि त्यामुळे मला तो पुन्हा घ्यावा लागला. कॅनडाबाहेर जन्मलेल्यांना नागरिकत्वाचा किंवा स्थलांतराचा पुरावाही जोडावा लागतो.

न्यायालयाच्या खिडकीवर जाणे मला सर्वांत कठीण वाटत होते. प्रत्यक्षात तिथल्या कारकुनांनी फॉर्म घेतला, नाव आणि जन्मतारीख विचारली आणि तो कधी न्यायला यायचे ते सांगितले. रांगेत माझ्या पुढे आणि मागे उभी असलेली माणसे आपापल्या कागदांत गढलेली होती. ज्या प्रसंगापासून वाचण्यासाठी मी १४०० डॉलर मोजले होते, तो प्रसंग पाच मिनिटांत संपला.

अर्जासोबतच्या एका फॉर्मवर गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला आणि नंतर आयुष्यात काय बदलले हे आपल्या शब्दांत लिहायचे असते. एजन्सीने मला तयार मजकूर दिला होता, त्यात फक्त नाव आणि तारीख घालायची होती. ‘मी आता समाजाचा जबाबदार घटक आहे’ अशी वाक्ये त्यात होती. या वेळी मी तो मजकूर बाजूला ठेवला. त्या संध्याकाळी किती प्यायलो, टॅक्सी का बोलावली नाही, गाडीत शेजारी कोण बसले होते, पत्नीला फोन केला तेव्हा ती काय म्हणाली, आणि त्यानंतर मी पार्टीला जाताना गाडीची किल्ली घरी ठेवून का जातो, हे मी आधी मराठीत लिहून काढले आणि मग इंग्रजीत आणले. या एका पानाला मला तीन रात्री लागल्या. माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेत हेच काम असे आहे जे दुसऱ्याकडून करून घेऊ नये, मग तो एजंट कितीही प्रामाणिक असो.

समरी गुन्ह्यांवर सहा महिन्यांत आणि इन्डाइटेबल गुन्ह्यांवर बारा महिन्यांत निर्णय देण्याचे बोर्डाचे उद्दिष्ट आहे. अर्ज नाकारण्याचा विचार असेल तर चोवीस महिनेही लागू शकतात. माझा अर्ज सहा महिन्यांच्या आत मंजूर झाला. शुल्क, ठसे, पोलिसांचा फॉर्म आणि टपाल मिळून खर्च दोनशे डॉलरच्या आत राहिला. एजन्सीमार्फत आलेल्या अर्जाला कोणतेही प्राधान्य मिळत नाही, असे बोर्ड स्वतः सांगते. ज्यांना कागदपत्रांची खरोखरच भीती वाटते किंवा इंग्रजी अवघड जाते, त्यांनी आधी आपल्या शहरातील जॉन हॉवर्ड सोसायटी किंवा स्त्रियांसाठी काम करणारी एलिझाबेथ फ्राय सोसायटी यांच्याकडे चौकशी करावी. सुटून आलेल्या आणि शिक्षा भोगलेल्या माणसांसोबत काम करणाऱ्या या जुन्या संस्था आहेत.

पैसे देण्याआधी आणखी एक गोष्ट पाहावी: आपल्याला या अर्जाची गरज तरी आहे का? न्यायालयाने ‘ॲब्सोल्यूट डिस्चार्ज’, म्हणजे गुन्हा शाबीत होऊनही बिनशर्त सुटका, दिला असेल तर एका वर्षाने आणि ‘कंडिशनल डिस्चार्ज’, म्हणजे अटींसह सुटका, दिला असेल तर तीन वर्षांनी ती नोंद आरसीएमपीच्या यंत्रणेतून आपोआप निघते. २४ जुलै १९९२ च्या आधीचा डिस्चार्ज असेल तरच काढून टाकण्याची विनंती करावी लागते. डिस्चार्ज ही दोषसिद्धी नव्हे. नुसता गांजा बाळगण्याच्या जुन्या दोषसिद्धीसाठी ऑगस्ट २०१९ पासून शुल्कही नाही आणि प्रतीक्षाकाळही नाही. या दोन्ही गटांतील लोकांकडून कुणी हप्ते घेत असेल, तर तो त्यांच्या अज्ञानाचे पैसे घेतो आहे.

मंजुरीनंतर काय मिळते याबद्दलही एजन्सीने मला अर्धेच सांगितले होते. भारतात माफी म्हटले की राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची दया डोळ्यांसमोर येते, आणि माझ्या मोठ्या भावाला मी अखेर हे सांगितले तेव्हा त्यालाही तसेच वाटले. इथे गुन्हा घडलाच नाही असे कुणी म्हणत नाही. नोंद नष्ट होत नाही. ती राष्ट्रीय पोलीस माहितीसाठ्यातून वेगळी काढून ठेवली जाते, म्हणजे नेहमीच्या पडताळणीत दिसत नाही. केंद्रीय कायद्याखालील नोकऱ्या आणि सेवांमध्ये त्या नोंदीवरून भेदभाव करण्यास कॅनडाच्या मानवी हक्क कायद्याने मनाई आहे. पुन्हा गुन्हा केला तर दिलेले सस्पेन्शन रद्द होऊ शकते. प्रांतिक न्यायालये आणि स्थानिक पोलीस या केंद्रीय कायद्याने बांधलेले नाहीत, तरी बहुतेक जण त्याप्रमाणे वागतात.

अमेरिका मात्र कॅनडाचे पार्डन मानत नाही. एजन्सीने मला ‘अमेरिका पॅकेज’ या नावाने वेगळा प्रवेशसवलतीचा अर्जही विकण्याचा प्रयत्न केला. माझ्या गुन्ह्यासाठी त्याची गरज आहे का, हा प्रश्न त्यांनी स्वतःहून कधी मांडला नाही. मी विचारला तेव्हा विषय बदलला. तो घेतला नाही हे माझे त्या काळातले एकमेव शहाणपण.

जे अजून नागरिक झालेले नाहीत, वर्क परमिटवर, विद्यार्थी व्हिसावर किंवा पीआरवर, म्हणजे कायम रहिवासी म्हणून, आहेत, त्यांच्यासाठी क्रम वेगळा आहे. १८ डिसेंबर २०१८ पासून दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा १० वर्षांवर गेली आणि त्यामुळे स्थलांतराच्या कायद्यात तो ‘गंभीर गुन्हेगारी’त मोडू लागला. आपली बरीच मुले शिकायला येतात आणि हा बदल त्यांना ठाऊकही नसतो. अशा माणसाने पाच वर्षांनंतरच्या पार्डनचा विचार करण्याआधी, न्यायालयात गुन्हा कबूल करण्याच्याही आधी, इमिग्रेशनच्या वकिलाला भेटावे. तिथे दिलेले पैसे वाया जात नाहीत.

मंजुरीनंतरच्या सप्टेंबरपासून मी मराठी शाळेत दुसरीच्या मुलांना बाराखडी शिकवतो. पडताळणीचा कागद देताना मी ताईंना चार वर्षांपूर्वी खोटे का बोललो तेही सांगितले. त्यांनी कागद फाइलमध्ये ठेवला आणि खडू कुठे असतात ते दाखवले.

स्वतः अर्ज करणाऱ्यांनी न्यायालयाच्या निकालाच्या आणि दंड भरल्याच्या पावत्यांच्या प्रमाणित प्रती अर्ज पाठवण्याआधीच काढून घरी जपून ठेवाव्यात. सीमेवर किंवा परदेशी वकिलातीत पुढे कधी त्या मागितल्या जाऊ शकतात, आणि नोंद बाजूला काढल्यानंतर त्या मिळवणे फार अवघड जाते.