पायजमा की विजार?

दोन्ही कमरेखालचेच कपडे, पण शब्दांची घराणी वेगळी. पायजमा फारसी आहे: पाय + जामा, म्हणजे पायांचं वस्त्र. यातल्या ‘जमा’चा गोळा होण्याशी काही संबंध नाही, तो ‘जामानिमा’तला जामा. फारसी ‘पाय’ आणि आपला संस्कृत ‘पाद’वरून आलेला पाय मात्र लांबचे भाऊबंद.

विजारीचा प्रवास जास्त मजेशीर. मूळ अरबी ‘इजार’ म्हणजे कमरेला गुंडाळायचं न शिवलेलं कापड. हजच्या इहरामात, म्हणजे यात्रेच्या ठरावीक पोशाखात, पुरुष ते आजही नेसतात. फारसीमार्गे इकडे येईतो त्याला पाय फुटले, मराठीत ‘इ’ची ‘वि’ झाली. नाड्याचं हिंदी नाव ‘इजारबंद’ त्याच घरातलं.

शिवताना हे नावांचं भांडण संपतं. नेफा, म्हणजे नाडा ओवायची कमरेची दुमड, साधारण दीड इंच हवा. अरुंद ठेवला तर रुंद नाडा आत पिळवटतो आणि गाठ नेफ्यात सरकते. नेफा हा शब्दही फारसीच. दोन पायांमधला जोडाचा चौकोनी तुकडा, म्हणजे मियानी (‘मियान’ म्हणजे मध्य), कापड वाचवायला गाळली, की मांडी घालून बसताना शिवण तिथेच उसवते.

आज विजार बोलण्यातून मागे पडलीय. पायजमा टिकला, आणि इंग्रजीत जाऊन झोपायचा कपडा झाला.