निवडपत्र आले, दोन चित्रे गेली

सांगलीजवळ राहून मी गेली अठरा वर्षे जलरंगात काम करतो. हरिपूरला जमिनीखाली हळद साठवण्याची जी पेवे आहेत, त्यांवर मी एक चित्रमालिका केली होती आणि ती मुंबईत दाखवावी अशी फार इच्छा होती. काळा घोड्याजवळच्या जहांगीर कलादालनात, जे १९५२ पासून चित्रकारांचे मोठे ठिकाण आहे, तारीख मिळण्यासाठी काही वर्षे थांबावे लागते हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. नेमक्या या प्रतीक्षेच्या काळात मला मुंबईतल्या एका कलादालनाचा संदेश आला. आपले काम पाहिले आहे, समूहप्रदर्शनासाठी विचार करायचा आहे, बारा चित्रांची छायाचित्रे, परिचय आणि निवेदन पाठवावे, असे त्यात लिहिले होते.

मी तीन आठवडे त्यासाठी घालवले. ढगाळ सकाळी, काच काढून, कॅमेरा चित्राला समांतर ठेवून छायाचित्रे घेतली. प्रत्येक फाइलला आडनाव, शीर्षक आणि वर्ष दिले. चित्रसूचीत माध्यम, सेंटीमीटरमधला आकार आणि किंमत लिहिली. निवेदन दीडशे शब्दांत बसवले आणि त्यात मोठमोठी विशेषणे न वापरता पेवांकडे मी का वळलो एवढेच सांगितले. ही तयारी आजही मला योग्यच वाटते. चूक झाली ती फाइलींच्या आकारात. छपाईला पुरेल अशा पूर्ण आकाराच्या फाइली मी पाठवल्या, कारण समोरून तशाच मागितल्या होत्या. निवड करणाऱ्याला पडद्यावर पाहण्यासाठी लांब बाजू सुमारे १५०० पिक्सेल असली तरी पुरते.

दुसऱ्याच दिवशी निवडपत्र आले. त्यात माझ्या एकाही चित्राचे नाव नव्हते, मालिकेविषयी एकही प्रश्न नव्हता. सहभाग शुल्क १८,००० रुपये मात्र ठळक अक्षरांत होते. पुढे सूचिपुस्तिकेसाठी ६,५०० आणि विम्यासाठी ४,००० रुपये मागण्यात आले आणि मी तेही भरले. विक्रीवर ५० टक्के कमिशन होतेच.

इथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण माझ्या ती वेळेवर लक्षात आली नाही. भाड्याने मिळणाऱ्या दालनात चित्रकाराने पैसे भरणे यात गैर काही नाही. तिथे भाडे जाहीर असते आणि प्रदर्शन आपण स्वतः मांडतो. व्यावसायिक कलादालनाचे उत्पन्न सहसा विक्रीच्या कमिशनमधून येते, म्हणून विकली जातील अशीच चित्रे ते पारखून घेते आणि त्यासाठी वेळ लावते. जो भाड्याएवढे पैसे आधी घेतो, त्याला निवडीचे नाव देतो आणि वर अर्धे कमिशनही मागतो, त्याचे पैसे चित्र विकले जाण्याआधीच सुटलेले असतात. चित्रे पाहण्याची त्याला गरजच उरत नाही.

मी पाच चित्रे फ्रेम करून पाठवली. पोच म्हणून फक्त कुरिअरची पावती माझ्याकडे होती. उद्घाटनाला गेलो तेव्हा चाळीसएक चित्रकारांची कामे दोन ओळींत दाटीवाटीने टांगलेली होती आणि पाहणारे बहुतेक आम्हीच व आमचे नातेवाईक होतो. प्रदर्शन संपल्यावर दोन चित्रे विकली गेल्याचे फोनवर सांगण्यात आले. तीन चित्रे परत आली, त्यांपैकी एकाच्या माउंटवर ओलीचे डाग होते. विक्रीची रक्कम आली नाही आणि नंतर फोनही लागेना. काही महिन्यांनी एका विद्यार्थ्याने मला ऑनलाइन विक्रीला असलेल्या छापील प्रती दाखवल्या. त्या माझ्याच फाइलींवरून काढलेल्या होत्या.

चित्र विकले तरी त्याचा कॉपीराइट आपोआप विकला जात नाही. १९५७ च्या कायद्यानुसार तो देण्यासाठी सहीनिशी लेखी करार लागतो. तसा करार मी केलेला नव्हता, म्हणून वकिलाच्या नोटिशीनंतर त्या प्रती तरी काढल्या गेल्या. १९३० या सायबर हेल्पलाइनवर मी चार महिने उशिरा फोन केला. तो पैसे गेल्याचे कळताच करायचा असतो, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकली की ती रोखणे अवघड होते. पोलिसांत अर्ज दिला आहे.

आता चित्र हातातून सोडण्याआधी मी दालनाच्या सहीचा कागद घेतो. त्यावर प्रत्येक चित्राचे शीर्षक, आकार आणि किंमत, कमिशन, परतीची तारीख, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे मिळतील आणि वाटेत नुकसान झाल्यास ते कोणी सोसायचे, हे सारे लिहिलेले असते. त्या दालनात आधी मांडणी केलेल्या दोन चित्रकारांशीही स्वतः बोलतो. असा कागद मागितल्यावर ज्यांनी उत्तर देणे थांबवले, अशी दोन ठिकाणे आतापर्यंत झाली.

गेलेल्या दोन चित्रांपैकी एकात पेवाच्या तोंडाशी पदर बांधून बसलेली बाई आहे आणि दुसऱ्यात रिकाम्या पेवात उतरणारा माणूस. दोन्ही ५६ बाय ३८ सेंटीमीटरची आहेत आणि कागदाच्या मागे पेन्सिलीने माझी सही व २०२१ हे वर्ष आहे. ती कोणापुढे विक्रीला आली, तर त्यांचा एक रुपयाही चित्रकाराला मिळालेला नाही, हे घेणाऱ्याला ठाऊक असावे.