एका बादलीचं मिल्किंग मशीन : घेण्याआधी लायनरमध्ये अंगठा घालून बघा

एक अश्वशक्तीची मोटर, पंचवीस लिटरची स्टीलची बादली, एक क्लस्टर (म्हणजे सडांना लावायच्या चार कपांचा जोड, प्रत्येक कपाच्या आत रबराची नळी, तेच लायनर) आणि चाकांची ट्रॉली. हे मशीन आमच्या गोठ्यात येऊन वर्ष होत आलं. दुधात आठ गायी आहेत, सगळ्या होल्स्टीन संकरित, त्यात एक फुले त्रिवेणी. आता खात्रीनं लिहिते.

मशीन उत्तम आहे. व्हॅक्यूम, म्हणजे दूध ओढणारा दाब, दाखवणाऱ्या गेजचा काटा ४८ किलोपास्कलवर ठेवला की चारही कप लागले तरी जागचा हलत नाही. पल्सेटरचे, म्हणजे ओढणं-आवळणं आलटूनपालटून करणाऱ्या भागाचे, ठोके मिनिटाला ६०, सकाळी तेवढेच आणि संध्याकाळीही तेवढेच.

एवढं बारकाईनं बघते ते शेतकी शाळेच्या सवयीनं. नव्वदच्या दशकात आम्ही पदविकेला होतो, तेव्हा सर कुणालाही थेट गायीजवळ जाऊ द्यायचे नाहीत. आधी स्वतःचा अंगठा लायनरमध्ये घालायचा. रबर अंगठा आवळतं, सोडतं, परत आवळतं. मग सर पल्सेटर मुद्दाम ओढीवर अडकवून ठेवायचे. आवळणं बंद, नुसती ओढ. थोड्याच वेळात अंगठ्याचं टोक लालबुंद होऊन ठणकायला लागायचं. "सडाचं हेच होतं," एवढंच सर बोलायचे. एकोणिसाव्या शतकातली सुरुवातीची यंत्रं अशीच सलग ओढायची आणि सडात रक्त साकळायचं. १९०३ साली ऑस्ट्रेलियात गिलीज यांनी दुहेरी कप्प्याचा कप आणला: बाहेर कडक कवच, आत रबर, मधल्या जागेत हवा सोडली की रबर मिटतं आणि सडाला विसावा मिळतो. आजची बहुतेक मशीनं त्याच तत्त्वावर चालतात. दुकानातही मी आधी अंगठाच घातला, किंमत नंतर विचारली.

तक्रार मशीनबद्दल नाही, विकणाऱ्यांबद्दल आहे. त्यांचा माणूस आला, कप लावून दाखवले, चहा घेऊन गेला. पहिल्या धारा वेगळ्या भांड्यात काढून गुठळ्या बघायच्या, कास धुऊन कोरडी करायची, पान्हा सोडल्यावर मिनिटभरात कप लावायचे, हे आमच्या गड्याला मी शिकवलं. पान्ह्याचा जोर पाच-सात मिनिटंच टिकतो. दूध थांबल्यावर कप तसेच राहिले तर सडांची टोकं सोलतात आणि दगडीला, म्हणजे कासेच्या सुजेला, वाट मिळते. काढताना आधी व्हॅक्यूम बंद करायचा, कप हिसकायचे नाहीत. यातलं एक अक्षरही त्या माणसानं सांगितलं नाही.

आणि पुस्तिका. तीत लिहिलंय, लायनर वर्षाने बदला. रबरी लायनर साधारण २५०० वेळा गाय पिळेपर्यंत चालतं. आठ गायी, दोन वेळा, म्हणजे दिवसाला सोळा. पाच महिन्यांतच हिशेब संपतो! त्यानंतर रबर सैल पडतं, आतून बारीक चिरा जातात, त्यात दूध अडकतं आणि कितीही धुतलं तरी जंतू राहतात. दोन गायी असलेल्याचा हाच हिशेब दीड वर्षापलीकडे जातो, तरी रबर वयानंही खराब होतंच. सगळ्यांना एकच वर्षाची मुदत छापणं म्हणजे गायीच्या कासेशी खेळ आहे. घेतानाच लायनरचा एक जादा संच मागून घ्या आणि गोठ्याच्या भिंतीवर बदलल्याची तारीख लिहा.

पाच-सहा गायींच्या पुढे असाल तर बिनधास्त घ्या. म्हशींसाठी मात्र याच सेटिंगवर लावू नका. त्यांच्या सडाचं तोंड घट्ट असतं, व्हॅक्यूम थोडा जास्त लागतो आणि लायनरही वेगळं. दुकानदार "दोन्हीला चालतं" म्हणाला, तर म्हशीचं लायनर आधी हातात द्यायला सांगा.